पाकपुस्तकें आणि घरची वही

'घरोघरीं मातीच्या चुली' ही म्हण संसाराच्या कुरबुरींना लागू पडते. स्वयंपाकाला मात्र ती लागू पडत नाहीं. आमटी एकच, पण तिची चव उंबरठ्यागणिक बदलते. ही चव आजवर आईकडून लेकीकडे आणि सासूकडून सुनेकडे हातांतून हातांत गेली. गेल्या दीडशें वर्षांत तिला दुसरी एक वाट मिळाली, ती छापील पुस्तकाची. ही वाट माणसाला कोठवर नेते आणि कोठें सोडून देते, याचा विचार करण्यासारखा आहे.

पवना नदीच्या कांठचें पिंपळे सौदागर हें गांव उदाहरणादाखल घ्यावें. एके काळीं तेथें शेतें होतीं. पुढें पिंपरी-चिंचवडची उद्योगनगरी वाढली, हिंजवडीस संगणकाच्या कंपन्या आल्या आणि शेतांच्या जागीं उंच इमारती उभ्या राहिल्या. त्यांत कोणी विदर्भांतून आलेलें, कोणी खानदेशांतून, कोणी परप्रांतांतून. पुष्कळ बिऱ्हाडें दोघांचीं, आणि दोघेंही नोकरीस जाणारीं. मीठ किती घालावें हें विचारावयास घरांत वडीलधारें माणूस नाहीं. अशा घरीं फळीवर चार पाकपुस्तकें असतात, तीं शोभेसाठीं नव्हेत. तीं दूर राहिलेल्या आईच्या जागीं असतात.

या पुस्तकांची वंशावळ जुनी आहे. बाराव्या शतकांत चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथांत अन्नाचें प्रकरण आहे, आणि सतराव्या शतकांत रघुनाथ पंडितांनीं 'भोजनकुतूहल' रचलें. परंतु हे ग्रंथ पंडितांच्या भाषेंत राहिले. ते चुलीपाशीं बसलेल्या बाईच्या हातीं जाण्यासारखे नव्हते. ते काम छापखान्यानें केलें. १८७५ सालीं रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें 'सूपशास्त्र' निघालें. मराठींतील पहिलें छापील पाकपुस्तक म्हणून त्याचा मान आहे. १९१० सालीं लक्ष्मीबाई धुरंधर यांचें 'गृहिणी-मित्र' आलें, आणि त्याच्या नांवांतच हजार पाकक्रियांचें आश्वासन होतें. १९७० सालीं कमलाबाई ओगले यांचें 'रुचिरा' प्रसिद्ध झालें. त्याचा खप एवढा झाला कीं कमलाबाईंना लोक कौतुकानें 'सव्वा लाख सुनांची सासू' म्हणूं लागले. या कौतुकांत एक सामाजिक सत्यही दडलेलें आहे. ज्या सुना सासूपासून दूर शहरांत राहूं लागल्या, त्यांना कागदी सासूची गरज पडली होती.

'रुचिरा'च्या यशाचें एक साधें कारण तिच्या मापांत आहे. तिनें वाटी आणि चमचा हीं घरांतलीं मापें घेतलीं. अमेरिकेंत बोस्टन येथें फॅनी फार्मर या बाईंनीं १८९६ सालच्या आपल्या पुस्तकांत सपाट भरलेल्या पेल्या-चमच्यांचा आग्रह धरला होता. तेंच काम 'रुचिरा'च्या वाटीनें मराठी घरांत केलें. वाटी लहान असो वा मोठी, डाळ आणि गूळ एकाच वाटीनें मोजले म्हणजे प्रमाण चुकत नाहीं. जुन्या पुस्तकांचें तसें नाहीं. त्यांतला शेर वजनाचा असेल तर तो ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे सुमारें ९३३ ग्रॅमचा. छटाक म्हणजे पांच तोळे, सुमारें ५८ ग्रॅम. पण धान्य मापावयाचा शेर निराळा. तो पायलीचा चौथा हिस्सा, त्याचें अर्धें तें मापटें आणि पाव तें चिपटें. भारतांत १९५८ पासून दशमान वजनें टप्प्याटप्प्यानें आलीं आणि हे शब्द बाजारांतून गेले. आजीच्या पुस्तकांत 'एक शेर' दिसला तर तो तराजूचा कीं मापाचा, हें आधीं पाहावें. नाहींतर पुस्तकाला उगाच दोष लागतो.

आंचेचेंही असेंच आहे. 'खालीं मंद विस्तव आणि झांकणावर निखारे' असें जुनें पुस्तक सांगतें, तेव्हां वर-खालीं सारखी उष्णता द्यावी एवढाच त्याचा अर्थ. ज्याला हें उमगलें, त्याला आजच्या ओव्हनमध्येंही नानकटाई साधते. शब्द जुने झाले तरी क्रियेमागील कारण जुनें होत नाहीं.

तरीही कांहीं गोष्टी मापांत बसत नाहींत. पुरण झालें कीं नाहीं हें घड्याळ सांगत नाहीं. त्यांत उलथणें उभें केलें आणि तें न पडतां राहिलें म्हणजे पुरण झालें. पाकाचा थेंब चिमटींत धरून ताणला असतां एक तार निघते कीं दोन, यावर लाडू वळणार कीं दगड होणार हें ठरतें. भाकरीची गोष्ट तर आणखी कठीण. कणकेंत जो चिवटपणा उपजत असतो, तो ज्वारी-बाजरीच्या पिठांत नसतो. म्हणून पीठ जुनें झालें कीं थापतांना भाकरीच्या कडा फाटतात. उकळत्या पाण्यानें मळलें तर पिठाला चिकटपणा येऊन ती जुळते. येथवर पुस्तक सांगूं शकतें. हाताचा दाब किती असावा, हें मात्र परातीवरच कळतें. पुस्तक वाचलें आणि भाकरी आली असें समजणें म्हणजे 'पी हळद आणि हो गोरी'.

दुसरी उणीव अधिक मोठी आहे. जुनीं पुस्तकें बहुधा शहरांतल्या, शिकलेल्या घरांतून लिहिलीं गेलीं. त्यांत सणावारांचीं पक्वान्नें विपुल आहेत. शेतावरच्या न्याहारीला जागा थोडी. हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे, पावसाळ्यांत रानांतून खुडून आणलेला टाकळा किंवा कुरडू, पाट्यावर वाटलेलें कोरडें तिखट, हें सर्व ज्यांच्या हातांत आहे त्यांनीं तें कधीं लिहिलें नाहीं. शेत गेलें तेथें रानभाजीही गेली. आणि ती शिजवणारी म्हातारी गेली म्हणजे भाजीची कृतीही जाते. पिंपळे सौदागरसारख्या गांवांत ही हानि मुकाट्यानें होते, कारण तिची नोंद कोणत्याच दप्तरांत होत नाहीं.

उपाय सोपा आहे आणि त्याला खर्च नाहीं. फळीवरील छापील पुस्तकांच्या शेजारीं एक कोरी वही ठेवावी. सुटींत गांवीं गेल्यावर, किंवा वडील मंडळी शहरांत आल्यावर, त्यांच्या शेजारीं उभें राहून लिहावें. त्यांनीं मुठीनें पीठ घेतलें तर तें भांड्यांत पडण्यापूर्वीं तोलावें. चिमूट चमच्यांत ओतून पाहावी. भांडें कोणतें, आंच किती, वास केव्हां पालटला, हेंही टिपावें. कृतीखालीं शिकवणाराचें नांव आणि गांव लिहावें. हें काम मुलीनें करावें तसेंच मुलानेंही करावें. भूक जर दोघांना सारखी लागते, तर चुलीचें ज्ञान एकाच्याच वांट्याला कां असावें?

छापील पुस्तक सर्वांचें असतें, म्हणून त्यांत कोणा एका घराची चव नसते. तें पाया घालून देतें, आणि त्याचे उपकार मानलेच पाहिजेत. त्या पायावर आपलें घर मात्र ज्यानें त्यानें बांधावयाचें असतें. तेलाचे डाग पडलेली, हळदीनें पिवळी झालेली अशी एक वही ज्या घरांत आहे, त्या घरांतलीं मुलें कितीही दूर गेलीं तरी आपल्या घरच्या आमटीला पारखीं होणार नाहींत.