माय गेली, दोन एकर राहिले



आज बोलायचं होतं कपाशीच्या खर्चावर. पण जिल्ह्याच्या बैठकीत आम्ही जेव्हा जेव्हा भेटतो तेव्हा तुमच्यापैकी कुणी ना कुणी विचारतं, "माय कशी आहे?" माय जानेवारी २०२४ मध्ये गेली. तेव्हा खर्चाचं पुढच्या बैठकीत. आज मायबद्दल बोलतो.

ती वडिलांची माय, आणि आम्हा नातवंडांचीही मायच. आजी म्हणून तिला कुणी हाक मारली नाही. आधार कार्डावर तिचा जन्म १ जानेवारी १९३१ चा. तुमच्याही घरातल्या निम्म्या म्हाताऱ्या माणसांचा जन्म १ जानेवारीचाच असेल. तिचा स्वतःचा हिशोब वेगळा होता. गांधीबाबा गेले तेव्हा तिच्या लग्नाला एक उन्हाळा झाला होता, इतकंच ती सांगायची. त्यावरून धरा, नव्वदीच्या पुढे तीन वर्षं.

या काळात तिनं काय काय पाहिलं! गावरानी कपाशी पाहिली, हायब्रीड पाहिलं, २००२ नंतरचं बीटी पाहिलं आणि २०१७ ची गुलाबी बोंडअळीही पाहिली. १९७२ च्या दुष्काळात कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, रेशनचा लाल मिलो दळला. त्या मिलोची भाकर थापताना तुटायची, याचा राग तिला पन्नास वर्षांनंतरही होता. दुष्काळाचा राग नाही, भाकर तुटल्याचा!

२००१ साली आम्ही कृषी पदवी घेऊन घरी आलो. पदवीचा माज होताच. ज्वारीचं बी दुकानातून आणलं, सीलबंद पिशवी. मायनं पिशवी फोडली, शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले आणि चुलीजवळ ठेवले. आम्ही हसलो. ती म्हणाली, "काहून रे, पिशवीवर शिक्का हाय म्हणून दाना उगवते का?" पाचव्या दिवशी मोजले. अठ्ठावन्न उगवले होते. प्रमाणित ज्वारीची उगवण किमान ७५ टक्के हवी, हे आम्ही परीक्षेत लिहून आलो होतो, आणि ती कशी तपासायची तेही लिहून आलो होतो. केलं मात्र तिनं. पिशवी परत केली, पैसे मिळाले नाहीत. पेरणी तिच्या मडक्यातल्या बियाण्यानं झाली.

ते मडकं सांगतो. कापणीच्या आधी माय उभ्या ज्वारीत फिरायची आणि चांगल्या कणसांना चिंधी बांधायची. मोठं कणीस दिसलं म्हणून नाही बांधायची. ताट पडलेलं नको, कणीस मोकळं हवं, म्हणजे पाणी आलं तरी दाणा काळा पडत नाही. हायब्रीड लवकर निसवतं, पावसात सापडतं आणि काळं होतं, हे सांगायला आम्हाला आकृती काढावी लागते. तिची चिंधी ते सांगून जायची. त्या कणसांचं बी वेगळं काढून, वाळवून, राख आणि कडुनिंबाचा पाला घालून मडक्यात भरायचं आणि तोंड शेणमातीनं लिंपायचं. हे काम तिनं कुणाला दिलं नाही. तिफणीमागे सरता धरणारी बाई बी पेरते, पण बियाण्याचा मालक कोण, असं विचारलं की गडी माणसाचं नाव येतं. हे तिला आवडत नव्हतं. ती बोलायची नाही, मडकं मात्र तिच्या खाटेखाली असायचं.

आता खरी गोष्ट.

१९९० च्या सुमाराला शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला. गावातल्या शंभर जणांनी बायकोच्या नावे जमीन केली की ते गाव लक्ष्मीमुक्तीचं. आमच्या आबाजींनी दोन एकर मायच्या नावे केले. पाराखालच्या मंडळींच्या आग्रहानं केले की मनानं, देव जाणे. पण सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं. ती अंगठा लावायची, वाचता येत नव्हतं. तरी तो उतारा तिनं पितळी डब्यात जपून ठेवला.

१९९८ मध्ये आबाजी गेले. बाकीच्या जमिनीवर वारस लागले, त्यात आमची आत्याही होती. १९५६ च्या कायद्यानं तिचा हक्क होता. घरच्यांनी तिच्याकडून हक्कसोड लिहून घेतली आणि साडीचोळी केली. आणि हे सांगताना जड जातं, पण सांगायला हवं: तहसीलच्या ओट्यावर मायच तिला म्हणाली, "कर वं सही. भावायशी वैर कायले?" आत्यानं सही केली.

पुढे आत्याचे यजमान गेले. सासरी थारा राहिला नाही आणि ती मायजवळ परत आली. पंधरा वर्षं त्या दोन एकरांत दोघी राबल्या. ज्वारी, तूर, कडेला थोडी पऱ्हाटी. २०१७ मध्ये जिल्ह्यात फवारणीनं माणसं दगावली, तेव्हा माय बांधावर बसून राहिली आणि पंप घेऊन आलेल्या पोराला आत पाऊल टाकू दिलं नाही. "बोंड गेलं तर जाऊ दे, तुही माय घरी वाट पाहते," म्हणाली.

तिच्या तेरवीनंतर पितळी डबा उघडला. उताऱ्याखाली मृत्युपत्र होतं, दोन साक्षीदारांच्या सह्यांचं. दोन्ही एकर आत्याला. त्यात तिनं लिहून घेतलं होतं की तेव्हा सही कर म्हटलं ती माझी चूक झाली.

आम्ही काय केलं? बायांच्या हक्कावर आम्ही गावोगाव भाषणं देतो. त्या रात्री आमच्या घरात "रस्त्याची जमीन आहे", "म्हातारीला कुणी तरी शिकवलं" असं बोलणं झालं. आम्हीही त्या बोलण्यात गप्प बसून होतो. तलाठ्याकडे फेरफाराची नोटीस लागली. हरकतीची मुदत पंधरा दिवसांची. त्यातले अकरा दिवस आम्ही घरात एकमेकांची तोंडं चुकवत काढले. बाराव्या दिवशी वडील आत्याकडे गेले. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. परत आले आणि म्हणाले, "हरकत नाही. चहा करा."

फेरफार मंजूर झाला. गेल्या मृगात आत्यानं मडकं फोडलं, शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात बांधले आणि आम्हाला बोलावलं. आम्ही पाचव्या दिवशी गेलो. मोजले. एक्क्याण्णव उगवले होते.