मराठी नाव, आर्म प्रोसेसर आणि न चालवलेली टेस्ट

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आलेले "म्हणजे", "ॲक्च्युअली" थोडे कमी केलेत, बाकी जसंच्या तसं.)

आजचा विषय थोडा टेक्निकल आहे, पण ज्या वस्तूवर तुम्ही हे ऐकताय तिच्याबद्दलच आहे. तुमच्या फोनमधला प्रोसेसर जवळजवळ नक्की आर्म जातीचा आहे. अँड्रॉइड असो की आयफोन. आणि त्या फोनवरचं, त्यामागच्या सर्व्हरवरचं बरंचसं सॉफ्टवेअर जिथे लिहिलं जातं, म्हणजे आपलं हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, तिथे टेबलावर बहुतेक वेळा इंटेल किंवा एएमडीचा लॅपटॉप असतो. त्या जातीला एक्स-८६ म्हणतात. कोड लिहायचा एकीकडे, चालणार दुसरीकडे. आज बोलायचंय ते मधल्या टप्प्याबद्दल, म्हणजे टेस्ट कुठे करायची त्याबद्दल.

सीआय म्हणजे काय, पटकन

कंटिन्युअस इंटिग्रेशन, सगळे सीआय म्हणतात. तुम्ही कोड पुश केला की कुठलंतरी मशीन तो उचलतं, बिल्ड करतं, सगळ्या टेस्ट चालवतं आणि हिरवी नाहीतर लाल खूण दाखवतं. त्या मशीनला रनर म्हणतात. आता गंमत अशी की बहुतेक प्रोजेक्टमध्ये हा रनर एक्स-८६ असतो, कारण डीफॉल्ट तोच मिळतो आणि कुणी बदलत नाही. म्हणजे हिरवी खूण सांगते की कोड एक्स-८६ वर चालतो. फोनबद्दल ती काहीच सांगत नाही.

यावर नेहमीचं उत्तर असतं, "अरे, कम्पायलर बघून घेतो की सगळं." बरंचसं बघतो, हे खरं. पण एक उदाहरण देतो, जे मराठी माणसाला थेट लागतं.

'सावित्रीबाई' आणि वीस बाइट

संगणकात मराठी अक्षर यूटीएफ-८ मध्ये साठवतात. देवनागरीचा प्रत्येक घटक, म्हणजे अक्षर, मात्रा, हलन्त, तीन बाइट घेतो. 'म' म्हणजे २२४, १६४, १७४ हे तीन आकडे. इंग्रजी अक्षराला एकच बाइट लागतो आणि तो १२७ च्या आत असतो.

सी आणि सी प्लस प्लसमध्ये एका बाइटसाठी कॅरेक्टर टाइप आहे. तो ऋण आकडे धरतो की नाही, हे भाषेच्या स्टँडर्डनं ठरवलेलंच नाही. ते प्लॅटफॉर्मवर सोडलंय. एक्स-८६ वर तो ऋण आकडे धरतो, म्हणून तिथे २२४ हा उणे ३२ दिसतो. लिनक्स आणि अँड्रॉइडच्या आर्मवर तो ऋण धरत नाही, तिथे २२४ हा २२४ च राहतो.

आता समजा, एका बिलिंग प्रोग्रामला नाव वीस बाइटच्या रकान्यात बसवायचंय. कोडमध्ये लिहिलंय की बाइट शून्यापेक्षा लहान असेल तर ते देवनागरी आहे, तीन बाइट एकत्र उचल. नाहीतर एक उचल. 'सावित्रीबाई' या नावात ११ घटक आहेत, म्हणजे ३३ बाइट. एक्स-८६ वर सहा घटक, १८ बाइट बसतात आणि प्रोग्राम थांबतो. नाव अर्धं राहतं, पण वाचता येतं. आर्मवर "शून्यापेक्षा लहान" ही अट कधीच खरी होत नाही. प्रोग्राम एकेक बाइट उचलत बरोबर विसाव्यावर कापतो. सातव्या घटकाचे दोनच बाइट येतात, आणि नावाच्या शेवटी ते काळं प्रश्नचिन्हवालं चौकोनी भूत उभं राहतं.

कोड तोच आहे. कम्पायलरनंही काही चूक केलेली नाही. आणि टेस्टमध्ये नाव इंग्रजीत असेल तर दोन्हीकडे हिरवंच येतं! म्हणजे हा बग पकडायला दोन गोष्टी एकत्र लागतात: आर्मवर चालणारी टेस्ट, आणि टेस्टमध्ये मराठी मजकूर. आपल्याकडे बहुतेक वेळा दोन्ही नसतात. मग बग सापडतो कुणाला? ज्यांचं नाव पावतीवर तुटलं त्यांना. आणि कुठेतरी खिडकीवर त्यांना सांगितलं जातं, "नाव इंग्रजीत टाका, मराठी सपोर्ट होत नाही." सपोर्ट होतं हो, टेस्ट केलेलं नसतं.

"माझ्याकडे एम-चिपचा मॅकबुक आहे, तो आर्मच आहे ना?" आहे, पण ॲपलनं आपल्या आर्मवर हा टाइप ऋण आकडे धरणाराच ठेवलाय. त्यामुळे मॅकवर थेट चालवलं तर हा बग लपतो. त्याच मॅकवर लिनक्स कंटेनरमध्ये बिल्ड केलं तर दिसतो. अँड्रॉइडवाल्यांनाही एक सूचना: इंटेल लॅपटॉपवरचा एम्युलेटर साधारणपणे एक्स-८६ ची इमेज चालवतो. तुमच्या ॲपमध्ये सी प्लस प्लसची नेटिव्ह लायब्ररी असेल, तर तिथे जी टेस्ट होते ती फोनवर जाणाऱ्या लायब्ररीची नसते.

आणखी कुठे कुठे फरक पडतो

भराभर सांगतो. पूर्णांकाला शून्यानं भागलं की एक्स-८६ वर प्रोग्राम कोसळतो. ६४-बिट आर्मवर उत्तर शून्य येतं आणि गाडी पुढे जाते, जे जास्त धोकादायक आहे. दशांशाच्या हिशोबात शेवटचे अंक वेगळे येऊ शकतात, म्हणून टेस्टमध्ये दोन उत्तरं तंतोतंत जुळवू नका, थोडी सूट ठेवा. आणि सगळ्यात अवघड, मल्टिथ्रेडिंग. एका थ्रेडनं मेमरीत केलेले बदल दुसऱ्याला कुठल्या क्रमानं दिसतील, याबाबत एक्स-८६ बराच कडक आहे, आर्म सैल. लॉक लावायचा राहिलेला कोड एक्स-८६ वर वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतो आणि आर्मवर हजारात एकदा पडतो.

मग लावायचं कसं?

पहिली पायरी, क्यूईएमयू. हे एक्स-८६ मशीनवर आर्मचं सोंग आणतं. फुकट आहे, पण कित्येक पट हळू. 'सावित्रीबाई'चा बग यात पकडला जातो. पण थ्रेडच्या क्रमाचे बग यात साधारण दिसत नाहीत, कारण खाली शेवटी एक्स-८६ च चालतंय.

दुसरी पायरी, खरा आर्म रनर. गिटहबनं जानेवारी २०२५ मध्ये पब्लिक रेपॉझिटरीसाठी लिनक्सचे आर्म रनर मोफत दिले. कॉन्फिग फाइलच्या मॅट्रिक्समध्ये नेहमीच्या उबंटू लेबलाखाली, शेवटी 'आर्म' लिहिलेलं दुसरं लेबल टाकायचं. मुख्य बदल एवढाच. दोन गोष्टी मात्र नक्की करा. एक, 'फेल-फास्ट' बंद करा, नाहीतर एक जॉब पडला की दुसरा रद्द होतो आणि फक्त आर्मवर पडलं की दोन्हीकडे, हे कळतच नाही. दोन, आर्मचा जॉब मर्जसाठी सक्तीचा करा. ऐच्छिक ठेवला तर लाल खुणेकडे आठवडाभरात कुणी बघत नाही.

तिसरी पायरी, घरचा रास्पबेरी पाय. ६४-बिट ओएस टाका. मेमरी कार्डऐवजी एसएसडी लावा, सारख्या बिल्डनं कार्ड झिजतं. छोटा यूपीएस ठेवा, लाईट कधी जाईल ते तुम्हाला माहितीच आहे. आणि घरचा रनर पब्लिक रेपॉझिटरीला जोडू नका. कुणीही अनोळखी माणूस पुल रिक्वेस्ट टाकून तुमच्या घरच्या नेटवर्कवर आपला कोड चालवू शकतो.

आणि टेस्टच्या डेटात मराठी नावं टाका. जोडाक्षरं, रफार, लांब आडनावं, मध्येच एखादा इंग्रजी शब्द. कोडमध्ये बाइट हाताळताना टाइप ऋण धरणारा की न धरणारा, ते स्पष्ट लिहा. कम्पायलरवर सोडू नका.

पुण्याला हे का लागतं

सी-डॅक १९८८ मध्ये आपल्या पुण्यात सुरू झालं. १९९१ मध्ये त्यांनी परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर दिला. भारतीय लिपी संगणकावर आणणारं जिस्टचं कामही सी-डॅकमध्येच वाढलं. इस्की हे कोडिंग १९९१ चं, आणि त्यातही देवनागरी १२७ च्या वरच होती. म्हणजे "मोठ्या आकड्याचा बाइट म्हणजे आपली भाषा" हा धागा इथे पस्तीस वर्षांचा आहे.

तीच सी-डॅक आता एयूएम नावाचा सुपरकॉम्प्युटरसाठीचा प्रोसेसर डिझाइन करतेय. ९६ कोर, आणि गाभा आर्मचा, निओव्हर्स व्ही-१. जपानचा फुगाकू २०२० मध्ये जगात पहिला आला तोही आर्मवरच. क्लाउडमध्ये ॲमेझॉननं ग्रॅव्हिटॉन हा आर्म प्रोसेसर २०१८ मध्ये आणला, आणि भाडं कमी पडतं म्हणून कंपन्या तिकडे सरकतायत. चिप देशात डिझाइन होईल, पण तिच्यावर चालवायचं सॉफ्टवेअर आर्मवर टेस्टच झालेलं नसेल, तर ती चिप घेऊन करायचं काय? ते टेस्टिंग करायला सुपरकॉम्प्युटर लागत नाही. कॉन्फिग फाइलमधली एक ओळ आणि चार मराठी नावं, इथून सुरुवात होते.

तर या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या एका प्रोजेक्टला आर्मचा जॉब जोडा आणि टेस्टमध्ये आजीचं पूर्ण नाव देवनागरीत टाका. लाल आलं तर वाईट वाटून घेऊ नका, बग आजीच्या आधी तुम्हाला सापडला. काय निघालं ते मला कळवा, पुढच्या एपिसोडमध्ये त्यातले निवडक घेऊ. भेटूया, काळजी घ्या!