दोन्हीकडचा अडत्या

श्रोतेहो, बाजार समितीच्या आवारात माल उतरवला, की शेतकरी अडत्यावर विश्वास टाकतो. अडत्याने आपल्याला चार पैसे जास्त मिळवून द्यावेत, एवढीच त्याची अपेक्षा. पण तो अडत्याच आतून खरेदीदार निघाला तर? मग भाव कोणाच्या सोयीने ठरेल, हे सांगायला ज्योतिषी नको. असाच प्रकार अमेरिकेतल्या रेडिओच्या धंद्यात घडला. त्याची हकीकत आज सांगतो.

तिकडे रेडिओ खाजगी कंपन्यांचा. गायक, वादक, विनोदी नट यांना कामे मिळवून देणारे दलाल असत, आणि मिळकतीतले शेकडा दहा हा त्यांचा नेहमीचा दर. त्या बदल्यात दलालाने कलावंताचे हित पाहायचे. पण एन.बी.सी. आणि सी.बी.एस. या दोन बलाढ्य रेडिओ कंपन्यांनी स्वतःच दलालीच्या कचेऱ्या उघडल्या. म्हणजे बघा, गाणाऱ्याला बिदागी देणारी कंपनी तीच, आणि त्याच्या वतीने बिदागी वाढवून मागणारीही तीच!

१९४१ साली तिथल्या सरकारी दळणवळण आयोगाने आपल्या अहवालात या दुटप्पी भूमिकेवर बोट ठेवले. दलालाने जास्तीत जास्त मागायचे, मालकाला कमीत कमी द्यायचे; एकाच माणसाने ही दोन्ही कामे कशी करावीत? मग दोन्ही कंपन्यांनी त्या कचेऱ्या सोडल्या. सी.बी.एस.ची कचेरी एम.सी.ए. या दलाल कंपनीने घेतली. डोळ्यांचे डॉक्टर ज्यूल्स स्टाइन यांनी १९२४ साली शिकागोत ती काढली होती.

१९४८ साली याच एम.सी.ए.ने एन.बी.सी.वरचा 'एमॉस अँड अँडी' हा गाजलेला कार्यक्रम मोठ्या रकमेला सी.बी.एस.कडे नेला. एन.बी.सी.चे नुकसान झाले खरे. पण याला दगा म्हणता येणार नाही. दलाल कलावंतांचा होता, त्याने कलावंतांचे काम केले.

खरी गोम पुढेच आहे. दूरचित्रवाणी आली आणि एम.सी.ए.लाच कार्यक्रम काढण्याची हाव सुटली. १९५२ साली चित्रपट नटांच्या संघाने तिला तशी खास सवलत दिली. संघाचे अध्यक्ष होते रोनाल्ड रेगन, आणि रेगन यांची दलालही एम.सी.ए.च! म्हणजे जुनाच रोग नव्या घरी आला. अखेर १९६२ साली सरकारने मक्तेदारीविरुद्ध खटला भरला, तेव्हा एम.सी.ए.ला दलाली सोडावी लागली.

तर मंडळी, विश्वासघात करायला माणूस मुळात वाईटच असावा लागतो, असे नाही. चांगल्या माणसालाही दोन पाटांवर बसवले, की त्याचा हात जड ताटाकडे वळतो. शिकवणीचे पैसे घेऊन त्याच मुलाचा पेपर तपासणे किती अवघड, हे शिक्षकमित्रांना सांगायला नको.

म्हणून आपला माल, आपली कला किंवा आपली सही दुसऱ्याच्या हाती देण्याआधी एक प्रश्न विचारा : "राव, समोरच्याकडूनही तुम्हाला काही मिळतं का?" विचारायला संकोच वाटेल, पण प्रामाणिक माणूस त्याचा राग मानणार नाही.