कूलर, टीव्ही आणि बाबांची मशीन

वर्ध्यात ऐन उन्हाळ्यात बोलायला उभं राहायचं तर आधी कूलरची परवानगी घ्यावी लागते. मंचाशेजारी हे कूलर घोंघावत आहेत, त्यामुळे मागच्या रांगेतल्या काही ज्येष्ठांपर्यंत माझं बोलणं अर्धंच पोचत असेल. घरी टीव्हीसमोर बसल्यावरही त्यांचं हेच होतं.

घरचा वाद तुम्हाला पाठ आहे. "बाबा, आवाज बारीक करा ना जी!" आणि बाबा म्हणतात, "मशीन लावली तरी काही समजत नाही." दोघंही खरंच बोलतात. वयामुळे येणारा बहिरेपणा बहुधा वरच्या पट्टीतले आवाज आधी नेतो. स, श, च, त, क ही व्यंजनं निसटतात, स्वर मात्र ठणठणीत ऐकू येतात. ताट, पाट, खाट या तिन्ही शब्दांत कानाला 'आ' तेवढा मिळतो. आवाज वाढवला की तो 'आ' आणखी गरजतो आणि व्यंजन होतं तिथंच राहतं. शिवाय अशा कानाला बारीक आवाज पोचत नाही आणि मोठा लगेच बोचतो. म्हणूनच मोठी जाहिरात लागली की तेच बाबा घाईघाईनं रिमोट शोधतात.

श्रवणयंत्र व्यंजनं उचलून देतं. पण त्याचा माइक असतो कानाशी, टीव्हीशी नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलनं उतरतो. खोलीत तो इतका उतरत नाही, पण फरशी, सिमेंटच्या भिंती आणि वरचे टिनपत्रे यांवर आपटून परतलेला आवाज मूळ बोलण्यात मिसळतो. पातळ टीव्हीचे स्पीकर बरेचदा खाली किंवा मागे तोंड करून असतात. त्यात कूलर! यंत्र बोलणं मोठं करतं, तशी कूलरची घरघरही. नवी यंत्रं ती थोडी दाबतात, पण पुरती नाही. तेव्हा माझं सांगणं एवढंच आहे, की आवाज वाढवू नका, तो कानाजवळ आणा.

पैसे न लागणारे उपाय आधी. खुर्ची टीव्हीपासून आताच्या निम्म्या अंतरावर ओढा. कूलरचा झोत थेट कानावर नको. माइकवर वारा आदळला की यंत्रात नुसती खरखर होते. बातम्यांपुरता कूलर कमी वेगावर ठेवा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये बोलणं स्पष्ट करणारा पर्याय असला तर तो निवडा आणि सराउंड बंद करा. मालिकांचं पार्श्वसंगीत मात्र कुठल्याच बटणानं पुरतं आवरत नाही, ते दिग्दर्शकांनाच सांगायला हवं.

आता उपकरणं. कानामागे बसणाऱ्या बऱ्याच यंत्रांत टी-कॉइल असते. ती चुंबकीय क्षेत्रातून आवाज घेते, खोलीतला गोंगाट तिला दिसतच नाही. टीव्हीच्या हेडफोन जॅकला जोडलेली तारेची माळ गळ्यात घातली की आवाज थेट यंत्रात उतरतो. फक्त कूलरच्या मोटारीपासून आणि इन्व्हर्टरपासून लांब बसा, नाहीतर गुणगुण ऐकू येते. ही टी-कॉइल अनेकदा सुरूच केलेली नसते, ऑडिओलॉजिस्टना, म्हणजे श्रवणतज्ज्ञांना, विचारा.

महागडा मार्ग म्हणजे यंत्राच्याच कंपनीची टीव्हीला जोडायची पेटी. ती आवाज बिनतारी पोचवते. बाबांचा आवाज बाबांच्या कानात राहतो आणि घरच्यांचा त्यांना हवा तेवढा. पेटी ऑप्टिकल केबलनं जोडली आणि तरी शांतताच असली, तर टीव्हीचं डिजिटल ऑडिओ 'पीसीएम'वर आहे का ते बघा. साधा ब्लूटूथ स्पीकर खुर्चीशेजारी ठेवणंही चालतं. पण त्यात कधीकधी आवाज ओठांच्या मागे पडतो, आणि कमी ऐकणारा माणूस नकळत ओठ वाचत असतो.

पडद्यावरच्या अक्षरांचंही बोललं पाहिजे. कर्णबधिरांसाठी दूरदर्शनचं सांकेतिक भाषेतलं साप्ताहिक बातमीपत्र 1987 सालीच सुरू झालं. कोपऱ्यातली सांकेतिक भाषेची चौकट हवीच, पण साठीनंतर ऐकणं कमी झालेल्या माणसाला ती भाषा कुठून येणार? त्याला पडद्यावर मराठी ओळी हव्यात. दिव्यांग हक्क कायदा, 2016 च्या 42व्या कलमात तशी तरतूद आहे. वाहिन्यांना पत्र लिहा.

सेवाग्रामला आणि सावंगीला, दोन्ही ठिकाणी मोठ्या रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत. केंद्राच्या एडिप या दिव्यांग साहाय्य योजनेतून आणि ज्येष्ठांसाठीच्या 2017च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून पात्र माणसाला यंत्रही मिळू शकतं. पण मिळालेलं यंत्र कपाटात पडतं, कारण ते घरच्या परिस्थितीनुसार जुळवून घ्यायला कुणी परत जात नाही. उद्या बाबांना घेऊन तपासणीला जाल तेव्हा एवढं करा: टीव्हीपासून खुर्चीचं अंतर मोजून न्या, टीव्हीच्या मागच्या जोडण्यांचा मोबाइलवर फोटो काढा, आणि ते अंतर व फोटो ऑडिओलॉजिस्टना दाखवा.