मस्टरवर तिचं नाव

(पिपरी मेघे, जि. वर्धा येथे महिलांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मैत्रिणींनो, आणि पुढे सतरंजीवर बसलेल्या पोरींनो,

‘उन्हाळ्याच्या सुटीत मुलींनी काय करावं’ या विषयावर मला बोलायला सांगितलं आहे. विषय ऐकून आधी मला हसूच आलं. सुटी कोणाची? आपल्या विदर्भात शाळा मे महिन्यात बंद होतात आणि जून संपता संपता उघडतात. या काळात मुलाला सुटी लागते. मुलीची फक्त शाळा बंद होते.

मघाशी जेवताना मी या पोरींना विचारलं, मागच्या मे महिन्यात काय केलं? एकीनं कुरडयांचा चीक ढवळला आणि आळीतल्या चार घरचे पापड लाटले. दुसरीची आई पऱ्हाट्या उपटायला रोजानं जात होती, तर ही घरी धाकट्या भावंडांना सांभाळत होती. तिसरी पहाटे उठून पाणी भरत होती. चौथीच्या मावसबहिणीचं लग्न होतं, तिथे पंधरा दिवस ती पोळ्या लाटत होती. पण ‘मी काम केलं’ असं यातली एकही म्हणाली नाही. सगळ्यांचं उत्तर एकच: ‘काही नाही मॅडम, घरीच होती.’

हे ‘काही नाही’ आपण बायका पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. आज मला याच्याबद्दल बोलायचं आहे.

माझी स्वतःची गोष्ट सांगते. मी दहावीची परीक्षा देऊन घरी होते. माझा मोठा भाऊ अकरावीत होता. त्या उन्हाळ्यात एका कार्यालयात याद्या उतरवून काढायचं तात्पुरतं काम निघालं. शाळेतल्या पोरांना घेत होते. माझं अक्षर भावापेक्षा चांगलं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मी वडिलांना म्हटलं, मीही जाते. वडील काही बोलले नाहीत. आजी म्हणाली, ‘पोरीच्या जातीचं काय काम हाये हापिसात?’ झालं, विषय संपला. भाऊ जाऊ लागला. आठ दिवसांत त्याला कंटाळा आला आणि तो कागद घरी आणू लागला. रात्री सगळ्यांची जेवणं आटोपली की भांडी घासून मी त्या याद्या लिहायची. महिनाअखेर त्याला पैसे मिळाले. त्याचं साहेबांनी कौतुक केलं, ‘अक्षर मोत्यासारखं आहे’ म्हणून. त्या पैशातून त्यानं मनगटी घड्याळ घेतलं. मला त्यानं रिबिनी आणल्या. तो वाईट नव्हता, आजही नाही. पण त्या कार्यालयाच्या हजेरीपटावर त्याचं नाव होतं आणि माझं नव्हतं. माझा राग घड्याळाचा नव्हता. कार्यालयाचं दार आतून कसं दिसतं ते त्याला सोळाव्या वर्षी कळलं. मला कळायला पस्तिसावं वर्ष उजाडलं, तेही नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला काढायला गेले तेव्हा.

कोणी म्हणेल, बाई, तुम्ही पोरींना मजुरीला लावायला निघालात का? नाही. बालमजुरीच्या विरोधात आपण सगळ्याजणी आहोत. कायदा काय म्हणतो ते नीट समजून घेऊ. १९८६ चा बालकामगार कायदा २०१६ मध्ये दुरुस्त झाला. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही. चौदा ते अठरा या वयाला कायदा ‘किशोरवयीन’ म्हणतो. त्यांना धोक्याची कामं देता येत नाहीत. बाकीच्या कामालाही मर्यादा आहेत. सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही, त्यानंतर एक तास विश्रांती, विश्रांती धरून दिवसाचे सहा तासच, आणि संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळात काम नाही.

पण याच कायद्यात एक फट आहे. चौदा वर्षांखालचं मूल शाळेच्या वेळेनंतर आणि सुटीत आपल्या कुटुंबाला, कुटुंबाच्या धंद्याला मदत करू शकतं. ही मदत कोण करतं? घरोघरी जाऊन बघा. आणि घरातल्या कामाला ना तीन तासांची मर्यादा, ना सकाळी आठची. म्हणजे पोरगी पहाटे पाचला हंडा घेऊन निघाली तर तो बालकामगार कायद्याचा विषयच होत नाही. कारण ते ‘काही नाही’ आहे.

आपल्या आयांनी मस्टरची किंमत ओळखली होती. महाराष्ट्रानं १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी मोठ्या प्रमाणावर राबवली, १९७७ मध्ये तिचा कायदा केला. रस्त्याच्या आणि बंडिंगच्या कामांवर बाया मोठ्या संख्येनं गेल्या. ऊन सोसलं, खडी फोडली, मजुरीसाठी मोर्चे काढले. त्या कामाचं गुणगान मी करणार नाही, फार कष्टाचं काम होतं ते. पण मस्टरवर आपलं नाव आहे, आपल्या नावापुढे आपला अंगठा आहे, हा अनुभव अनेकींना तिथे पहिल्यांदा आला. घरात कधी हिशेब न मागितलेली बाई तिथे हिशेब मागायला शिकली.

आता आपल्या वर्ध्याकडे येते. मुलांचं शिक्षण आणि हाताचं काम यांची सांगड घालण्याचा विचार याच गावात मांडला गेला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते. तिथून नई तालीम सुरू झाली, डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनं तिचा आराखडा केला. मुलांनी हातानं काम करत शिकावं आणि त्या उत्पन्नातून शाळेचा खर्च निघावा, असा विचार होता. त्या परिषदेतच प्रा. के. टी. शहा यांनी शंका काढली होती की शाळेतल्या मुलांनी केलेला माल बाजारात आला तर गरीब कारागिराच्या पोटावर पाय येईल. ही शंका आपणही लक्षात ठेवायची आहे. पंचायतीच्या कामावर पोरी आल्या म्हणून सफाई कामगार बाईचं काम जाता कामा नये. अंगणवाडी सेविकेची जागा भरायची सोडून स्वस्तात पोरी बसवल्या, असं होता कामा नये.

दुसरं उदाहरण जवळच्या काळातलं. २००० नंतरच्या दशकात सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या सामुदायिक आरोग्य विभागानं वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांत किशोरवयीन मुलींचे गट बांधले. त्यांना नाव दिलं ‘किशोरी पंचायत’. मुली एकत्र बसल्या. पाळीबद्दल, रक्तक्षयाबद्दल, लग्नाच्या वयाबद्दल बोलल्या. तो रोजगाराचा कार्यक्रम नव्हता, आरोग्याचा होता. पण नाव किती नेमकं ठेवलं बघा. मुलींची पंचायत! माझं म्हणणं एवढंच की त्या पंचायतीला खऱ्या पंचायतीच्या दारातून आत नेऊ या.

परदेशात हे चालतं. अमेरिकेतल्या अनेक शहरांची सरकारं दर उन्हाळ्यात शाळकरी मुलामुलींना काही आठवड्यांचं पगारी काम देतात: उद्यानात, वाचनालयात, लहान मुलांच्या शिबिरात, सरकारी कचेरीत. शिकागो शहरात २०१२ च्या उन्हाळ्यात गरीब वस्त्यांतल्या शाळांमधल्या मुलामुलींना आठ आठवडे असं काम दिलं. त्याचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काम मिळालेल्यांना पुढच्या सोळा महिन्यांत मारामारीसारख्या हिंसक गुन्ह्यांत झालेली अटक, काम न मिळालेल्यांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी होती. चांगलीच गोष्ट आहे. पण मला वाचताना दुसरंच सुचलं. तिथे सरकारनं लक्ष दिलं, कारण तरुणांच्या उपद्रवाची भीती होती. आमच्या पोरी कोणाला उपद्रव देत नाहीत. त्या गुपचूप घरात असतात. म्हणून त्यांच्या उन्हाळ्याचा विचार कोणी करत नाही.

विचार होतो तो एकाच गोष्टीचा. मे महिना लग्नाचा. दहावीची परीक्षा संपली, पोरगी घरी बसलेली, तिला ‘बघायला’ येणारे सुरू. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के बायकांचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालेलं होतं. पाचातली एक. कायदा आहे, तरी पाचातली एक. महिनाभराच्या कामानं बालविवाह थांबतील असा दावा मी करत नाही. पण जी पोरगी रोज सकाळी पंचायतीत जाते, जिला सरपंच आणि सचिव नावानं ओळखतात, तिचं लग्न गुपचूप उरकणं जरा अवघड जातं.

आणि पंचायतच का? १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली, एकतृतीयांश जागा बायकांना आल्या. २०११ मध्ये महाराष्ट्रानं त्या निम्म्या केल्या. आज निम्म्या खुर्च्या आपल्या आहेत. पण किती ठिकाणी बाई सही करते आणि बोलतो नवरा! आपण तिला नावं ठेवतो. अहो, जिनं चाळिशीपर्यंत पंचायतीचं रजिस्टर हातात धरलं नाही, ती एका दिवसात कुठून शिकणार? नवऱ्यानं पोरवयापासून त्या ओट्यावर गप्पा मारल्या आहेत. तिथे आपल्या पोरींना सोळाव्या वर्षीच नेलं पाहिजे.

काम कोणतं? आपली पिपरी वर्ध्याला लागून आहे. वस्ती शहरासारखी वाढली, कारभार ग्रामपंचायतीचा. कोणत्या गल्लीत नळाला किती वाजता आणि किती वेळ पाणी येतं, याची रोजची नोंद पोरी करू शकतात. पहाटे नळावर त्याच उभ्या असतात, त्यांच्याइतकं हे कोणाला माहीत आहे? रस्त्यावरचे किती दिवे बंद, हे त्या मोजतील. निराधार योजनेत बसणाऱ्या पण अर्ज न केलेल्या म्हाताऱ्या किती, याची यादी करतील. अंगणवाडीच्या खोलीत सकाळी लहानग्यांना गोष्टी वाचून दाखवतील. आणि आठवड्यातून एक दिवस पंचायतीचं जमाखर्चाचं रजिस्टर वाचायला शिकतील.

अटी मात्र आपण घालायच्या. वय चौदा पूर्ण. वेळ सकाळी आठ ते अकरा, कारण आठच्या आधी कायदा परवानगी देत नाही आणि अकरानंतर आपल्याकडचं ऊन. जोडीजोडीनं जायचं, सोबत एक मोठी बाई. प्रत्येकीला लेखी पत्र. हजेरीपट. आणि पैसे तिच्या स्वतःच्या बँक खात्यात. दहा वर्षांवरच्या मुलांनी आपलं बचत खातं स्वतः चालवायला रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे.

पैसे म्हणजे मोबदला, बक्षीस नव्हे. अंगणवाडी सेविकेला पगार न म्हणता ‘मानधन’ म्हणतात. मान देतात आणि धनाला कात्री लावतात. पोरींच्या बाबतीत सुरुवातीपासून आपण शब्द नीट वापरू.

पंचायत म्हणेल, पैसा नाही. हिशेब करू. दहा पोरी, रोज तीन तास, चोवीस दिवस. झाले सातशे वीस तास. तासाला सत्तर रुपये धरले तर ५०,४०० रुपये. सत्तर हा आकडा मी हिशेबापुरता धरला, दर ठरवताना किमान वेतनाच्या खाली जायचं नाही. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. तो दरवर्षी कशावर खर्च झाला, हे आपल्यापैकी किती जणींनी विचारलं?

आता सगळ्यात अवघड प्रश्न. मघाशी एक ताई चहा घेताना म्हणाल्या, ‘पोरगी तिकडे गेली तर लहान्याला कोण पाहील? मी रोजी बुडवू काय?’ ताईंचं खरं आहे. त्यांना मी आधुनिकतेचं व्याख्यान देणार नाही. त्यांची रोजी बुडाली तर चूल बंद. म्हणून आपल्या मागणीत पोरींच्या कामाबरोबर त्या तीन तासांचं पाळणाघरही असलं पाहिजे. आणि आणखी एक. घरात पंधरा वर्षांचा पोरगा असतोच ना? तो तीन तास धाकट्या भावाला सांभाळू शकतो. त्याचे हात काही झिजत नाहीत. हे मात्र पंचायत करून देणार नाही, हे तुम्हाला घरी बोलावं लागेल. भांडणही होईल.

आता करायचं काय? ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. एक मेच्या ग्रामसभेत हा विषय काढला तर उशीर होतो, तोवर अंदाजपत्रक होऊन जातं. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेआधीच्या महिला सभेत ठराव मांडायचा. तोंडी नाही, लेखी. पोच घ्यायची. त्या ठरावाचा मसुदा मी आणला आहे, तो आता फिरवते. वाचा, खोडा, हवं ते घाला.

आयांनी खाली सह्या करायच्या. पण वरच्या दहा ओळी मी मोकळ्या ठेवल्या आहेत. तिथे कामावर यायला तयार असलेल्या पोरींनी आपलं नाव लिहायचं आहे. कोणी दुसऱ्यानं लिहून द्यायचं नाही. अक्षर कसंही असू दे.