पेन ड्राइव्हचा वेग : पाकिटावरचा आणि प्रत्यक्षातला

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या मेळाव्यांतून तालीम या विषयावर पुष्कळ बोलले जाते आणि ते योग्यच आहे. मी मात्र आज एका बोटभर वस्तूविषयी बोलणार आहे. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला असे सारे कागद स्कॅन करून आपली मुले पेन ड्राइव्हमध्ये घेऊन हिंडतात. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख असते, सायबर कॅफेत मागे रांग लागलेली असते, आणि नेमकी तेव्हाच कॉपीची पट्टी पुढे सरकत नाही. पालक म्हणतात, "पाकिटावर तर केवढा वेग लिहिला होता!" दुकानदाराने फसवले असे त्यांना वाटते. फसवले असेलही, पण पुष्कळदा आपणच आकडा नीट वाचलेला नसतो.

पाकिटावर '५ जीबीपीएस' असे छापलेले असते. हा आकडा बिटचा आहे आणि फाइल आपण मोजतो बाइटमध्ये. आठ बिट मिळून एक बाइट होतो. त्यातही २००८ साली आलेल्या यूएसबी ३.० मध्ये दर आठ बिटांसाठी तारेवरून दहा बिट पाठवावे लागतात. म्हणजे कागदावरच सेकंदाला ५०० मेगाबाइट उरले. २००० सालच्या यूएसबी २.० चे ४८० मेगाबिट म्हणजे कागदावर ६० मेगाबाइट. व्यवहारात तीस-चाळीस मिळाले तरी पुष्कळ. नावांचा घोळ तर विचारूच नका. ३.० चेच पुढे '३.१ जेन १' झाले आणि मग '३.२ जेन १'. नाव वाढले, वेग तेवढाच राहिला. तेव्हा नुसत्या नावासाठी जादा पैसे मोजू नका.

पण हे सारे आकडे रस्त्याचे झाले, गाडीचे नव्हेत. हमरस्ता सहापदरी झाला म्हणून बैलगाडी मोटारीसारखी धावत नाही. येथे गाडी म्हणजे आतली फ्लॅश मेमरीची चिप. उर्दू मकतबातील लाकडी तख्ती आपल्यातील काही बुजुर्गांना आठवत असेल. तिच्यावर लिहिलेले वाचायला क्षणही लागत नसे. परंतु नवा धडा लिहायचा तर तख्ती धुवायची, मुलतानी मातीचा लेप द्यायचा, उन्हात वाळवायची, आणि मग कलम हाती घ्यायची. फ्लॅश मेमरीचे तसेच आहे. एक अक्षर खोडून त्याच जागी दुसरे लिहिण्याची तेथे सोय नाही. एक मोठा भाग अख्खा पुसावा लागतो. म्हणून वाचन जलद आणि लेखन संथ. पाकिटावर ठळक छापलेला वेग बहुधा वाचनाचा असतो, तोही 'इतक्यापर्यंत' या शब्दाच्या आडोशाने.

विद्यार्थ्यांनी हिशेब करावा. स्नेहसंमेलनाचे चित्रीकरण ४००० मेगाबाइटचे आहे. सेकंदाला ५०० प्रमाणे आठ सेकंद लागतील. पण स्वस्तातला ड्राइव्ह सेकंदाला १० मेगाबाइटच लिहीत असेल तर ४०० सेकंद, म्हणजे सहा मिनिटे चाळीस सेकंद. तो निळ्या खाचेत लावा की काळ्या, फरक पडणार नाही.

तेच चित्रीकरण ठेवून हजारभर छोटे फोटो घेतले तर आणखी वेळ लागतो, कारण प्रत्येक फाइलची नोंद वहीत वेगळी करावी लागते. ते आधी एका झिप फाइलमध्ये बांधून घ्यावेत. आणि पट्टी सुरुवातीला भरभर धावून मध्येच अडखळते, त्याचे कारण असे की काही ड्राइव्ह पहिला माल एका जलद कप्प्यात घेतात आणि काही वेळा संगणकही तो आपल्या स्मृतीत धरून ठेवतो. पट्टी संपली तरी लेखन चालू असू शकते. अशा वेळी ड्राइव्ह उपटला की फाइलचे नाव दिसते, पण ती उघडत नाही. अर्जाच्या शेवटच्या दिवशी हे कळून उपयोग नाही. 'सेफली रिमूव्ह' दाबा आणि परवानगी मिळेपर्यंत हात आवरा.

बाजारात अगदी मातीमोल किमतीला दोन टीबीचे ड्राइव्ह मिळतात, ते घेऊ नयेत. त्यांतील पुष्कळ बनावट असतात. आत जागा थोडी आणि संगणकाला सांगायचे भलतेच. खरी जागा भरली की पुढचा माल बुडाला. मात्र ६४ जीबीचा ड्राइव्ह संगणकावर ५९ आणि काही दिसला तर ती लबाडी नव्हे. कारखानदार हजाराने मोजतो, संगणक १०२४ ने.

आता पालकांना माझा सल्ला जरा विचित्र वाटेल. मुलांच्या कागदपत्रांसाठी वेगवान ड्राइव्ह घेऊच नका. दोन मेगाबाइटची गुणपत्रिका साध्या ड्राइव्हवरही जवळजवळ डोळ्याचे पाते लवते तोवर उतरते. त्या पैशांत चांगल्या कंपनीचे दोन साधे ड्राइव्ह येतील. एक मुलाच्या दप्तरात, एक घरी कपाटात. मोठी चित्रीकरणे ज्यांना रोज हलवायची आहेत त्यांनीच लेखनाचा वेग विचारून घ्यावा.

आपल्या ड्राइव्हचा खरा वेग पाहायचा असेल तर एक हजार मेगाबाइटची एकच फाइल त्यावर उतरवा, 'सेफली रिमूव्ह'ची परवानगी येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि हजाराला त्या आकड्याने भागा. ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर संगणक कक्षात यावे. ड्राइव्ह तुमचा आणा, घड्याळ माझ्याकडे आहे.