लिंकन रस्त्यावरचे संगत कोन

(वासंतिक व्याख्यानमालेत शिकागो परिसरातल्या मराठी श्रोत्यांसमोर दिलेले व्याख्यान)



लिंकन, बेलमाँट आणि अ‍ॅशलँड हे तीन रस्ते जिथे भेटतात, तिथल्या सिग्नलला आपल्यापैकी बहुतेक जण कधी ना कधी ताटकळले असतील. चौक म्हणायचं, पण फाटे सहा. अमेरिकेत आल्यावर पहिल्या हिवाळ्यात त्या कोपऱ्यावर मी बसची वाट बघत उभी होते आणि थंडी विसरून त्या सहा फाट्यांमधले कोन मोजत होते. बार्शीजवळच्या आमच्या शाळेत फळ्यावर गुरुजींनी दोन आडव्या रेषा आणि त्यांना छेदणारी एक तिरकी रेषा, म्हणजे छेदिका, काढली होती, तीच आकृती इथे डांबराची होऊन पडली होती. पुढे इथल्या शाळांत मी वर्षानुवर्षं भूमिती शिकवली, आणि संगत कोनांचा धडा दर वर्षी त्या रस्त्यापासूनच सुरू केला. आजही तिथूनच करते.

शिकागोतले पत्ते 1909 साली नव्याने बसवले गेले. एडवर्ड ब्रेनन नावाच्या गृहस्थांनी त्यासाठी नगरपालिकेच्या मागे वर्षानुवर्षं लकडा लावला होता. स्टेट आणि मॅडिसन हे रस्ते छेदतात तो शून्य. तिथून उत्तरेला किंवा पश्चिमेला 800 आकडे गेलं की एक मैल. म्हणजे पत्ता सांगितला की नकाशावरचा बिंदूच सांगितल्यासारखं आहे. आता बघा: फुलर्टन 2400 उत्तर, डायव्हर्सी 2800 उत्तर, बेलमाँट 3200 उत्तर. तिन्ही रस्ते पूर्व-पश्चिम, एकमेकांना समांतर. लिंकन अ‍ॅव्हेन्यू त्यांना तिरका छेदत जातो. फुलर्टनला तो हॉल्स्टेडपाशी, म्हणजे 800 पश्चिमेला छेदतो. डायव्हर्सीला रसीनपाशी, 1200 वर. बेलमाँटला अ‍ॅशलँडपाशी, 1600 वर. जेवढा उत्तरेला, तेवढाच पश्चिमेला. दर चौकात 45 अंश. फुलर्टनच्या चौकात लिंकन आणि फुलर्टन यांच्यामधल्या वायव्येकडच्या कोपऱ्यात जो कोन होतो, तोच कोन मैलभर पुढे बेलमाँटच्या तशाच कोपऱ्यात होतो. हे झाले संगत कोन.

या 'संगत' शब्दावर माझं फार प्रेम आहे. गाण्याला तबल्याची संगत असते. तबला गात नाही, पण गाणारा समेवर येतो तेव्हा तबलाही समेवर येतो. दोन चौकांतले हे कोनही तसेच एकमेकांच्या जोडीने उभे असतात. छेदिकेवरच्या त्यांच्या भुजा एकाच दिशेला तोंड करतात आणि उरलेल्या भुजा छेदिकेच्या एकाच बाजूला असतात. आपल्या पाठ्यपुस्तकातली व्याख्या एवढीच आहे. तिच्यात समांतर हा शब्द नाही, समान हाही शब्द नाही.

आणि मुलं नेमकी इथेच घसरतात. मराठी माध्यमातली घसरत होती, इथली इंग्रजी माध्यमातलीही घसरतात. 'एफ' या इंग्रजी अक्षराचा आकार दिसला की कोन समान, असं घोकून ठेवतात. रेषा समांतर आहेत का, हे कुणी विचारत नाही. समांतर नसलेल्या दोन रेषा काढून वर छेदिका टाकली तरी आठ कोन होतात आणि त्यांत संगत कोनांच्या चार जोड्या असतात. त्या जोड्या संगत असतात, पण एकरूप असतीलच असं नाही. संगत हे कोनांच्या जागेवरून दिलेलं नाव आहे, आणि एकरूपता ही सिद्ध करायची गोष्ट आहे. या दोहोंच्या मधे एक अट उभी असते. आज मी बोलणार आहे ते त्या अटीबद्दल.

बेलमाँटवरून पुढे चला. आयर्व्हिंग पार्क रोड 4000 उत्तर, म्हणजे आणखी एक मैल. तिथे लिंकन अ‍ॅव्हेन्यू डेमनला भेटतो, आणि डेमन आहे 2000 पश्चिमेला. उत्तरेला 800 गेला, पश्चिमेला फक्त 400. सरासरी दिशा आता आडव्या रस्त्याशी साधारण 63 अंशांचा कोन करते. कुठे 45 आणि कुठे 63! संगत कोन बिघडले. मी मुलांना विचारायची, आता गुन्हेगार कोण? आयर्व्हिंग पार्क तर बेलमाँटला समांतर आहे, मैलभराचं अंतर दोन्हीकडे सारखं. मग उरतो एकच निष्कर्ष: छेदिका सरळ नाही. बेलमाँटच्या पुढे लिंकन अ‍ॅव्हेन्यू उत्तरेकडे वळला आहे. नकाशा न बघता, चार पत्त्यांवरून हे कळतं. वर्गात हा निष्कर्ष एखाद्या मुलीने स्वतःहून काढला की तिच्या चेहऱ्यावर जे उमटायचं, त्यासाठी मी इतकी वर्षं खडू झिजवला.

रस्ता का वळतो, याचंही उत्तर आहे. तो पट्टी ठेवून आखलेला नाही. त्याचं जुनं नाव लिटल फोर्ट रोड. आजच्या वॉकीगनला तेव्हा लिटल फोर्ट म्हणत, तिकडे जाणारी ती वाट. या दलदलीच्या मुलखात माणसं कोरड्या, उंचवट्याच्या जमिनीवरून चालायची. शिकागोचे बरेचसे तिरके रस्ते अशा पायवाटांवर बसले आहेत, आणि त्यांतल्या कित्येक पोटावाटोमी आणि इतर मूळ रहिवाशांनी पाडलेल्या होत्या. 1833 च्या शिकागो करारानंतर पोटावाटोमींना मिसिसिपीपलीकडे जावं लागलं. चौकोनी जाळं नंतर आलं आणि त्यांच्या वाटांवर पसरलं. काही वाटा जाळ्याखालून तशाच राहिल्या. आपण त्यांना डायगोनल म्हणतो आणि त्यांच्यावर पार्किंग शोधतो.

आता एकरूपता. इथल्या शाळांमध्ये 2010 नंतर 'कॉमन कोअर' नावाचा अभ्यासक्रमाचा आराखडा आला. त्याच्यावर टीका पुष्कळ झाली, पण आठवीच्या भूमितीत त्याने एक चांगली गोष्ट केली, असं माझं ठाम मत आहे. एकरूप म्हणजे काय, तर एक आकृती सरकवून, फिरवून किंवा उलटवून दुसरीवर तंतोतंत बसवता येते ती. हॅम्बर्गरच्या टिक्क्यांमधे घालायचा पातळ, मेणचट 'पॅटी पेपर' शिक्षक वर्गात आणतात. त्यावर पहिल्या चौकातला कोन गिरवायचा आणि कागद छेदिकेवरून सरकवत दुसऱ्या चौकात न्यायचा. कागद न फिरवता. छेदिका स्वतःवरच सरकते. पहिली रेषा सरकून स्वतःला समांतर अशा रेषेवर जाते, आणि ती रेषा दुसऱ्या चौकातून जाते. पण त्या बिंदूतून पहिल्या रेषेला समांतर अशी एकच रेषा काढता येते, आणि ती तर तिथे आधीपासून आहे! म्हणून कोन कोनावर बसतो.

त्या 'एकच' शब्दावर बोट ठेवा. सगळी सिद्धता त्या एका शब्दावर उभी आहे. युक्लिडला हे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी जाणवलं होतं. त्याच्या पहिल्या ग्रंथातलं 28 वं प्रमेय म्हणतं, संगत कोन समान असतील तर रेषा समांतर. 29 वं उलट बाजूने येतं: रेषा समांतर असतील तर संगत कोन समान. आपण ही दोन वाक्यं एका श्वासात म्हणतो, पण त्यांचं वजन सारखं नाही. पहिली अठ्ठावीस प्रमेयं युक्लिडने आपल्या पाचव्या गृहीतकाला, म्हणजे त्या 'एकच'ला आधार देणाऱ्या गृहीतकाला, हात न लावता सिद्ध केली. एकोणतिसाव्याला मात्र त्याला ते लागलं. इथली अनेक पाठ्यपुस्तकं तर संगत कोनांचा गुणधर्मच गृहीतक म्हणून मांडतात. त्यात गैर काही नाही, फक्त आपण काय मानून चाललो आहोत, हे मुलांना सांगायला हवं.

ज्याच्या नावाचा तो रस्ता आहे, त्या लिंकननेही युक्लिड वाचला होता. 1860 मध्ये स्वतःबद्दल लिहिलेल्या टिपणात त्याने नोंदवलं आहे की काँग्रेसचा सदस्य झाल्यापासून आपण युक्लिडचे सहा ग्रंथ अभ्यासले आणि जवळजवळ आत्मसात केले. शाळेत तो मोजून वर्षभरही गेला नसेल. पण काँग्रेसमध्ये जाण्याआधी, ऐन तारुण्यात, तो याच इलिनॉयमध्ये सर्व्हेअर होता. 1833 मध्ये सँगमन काउंटीच्या सर्व्हेअरचा तो मदतनीस झाला, पुस्तकं वाचून ते काम शिकला, आणि 1836 मध्ये पीटर्सबर्ग हे गाव त्याने आखलं. हातात होकायंत्र आणि साखळी.

ती साखळी 66 फुटांची असे. आमच्या आजोबांच्या तोंडी शंकू-साखळीची मोजणी असायची. मुंबई इलाख्यातली ती पद्धत 1836 मध्ये इंदापूर तालुक्यातून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी सुरू केलेल्या मोजणीशी जोडलेली आहे. म्हणजे ज्या वर्षी लिंकन पीटर्सबर्ग आखत होता, त्याच वर्षी! आपली साखळी 33 फुटांची, अमेरिकेतलीच्या बरोबर निम्मी. 33 फूट गुणिले 33 फूट म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. हा एकर आणि इथला एकर एकच.

या देशाची बरीचशी जमीन त्या 66 फुटी साखळीने चौकोनात कापली गेली. 20 मे 1785 ला काँग्रेसने ठराव केला. त्याच वर्षी 30 सप्टेंबरला थॉमस हचिन्सने ओहायोच्या पूर्व सीमेवर, आजच्या ईस्ट लिव्हरपूलजवळ, पहिली रेषा टाकायला सुरुवात केली. सहा मैलांचा चौकोन म्हणजे टाउनशिप, तिच्यात मैलामैलाचे 36 सेक्शन, प्रत्येक सेक्शन 640 एकरांचा. त्यांतला सोळावा सेक्शन सार्वजनिक शाळेसाठी राखलेला. मी शिक्षिका असल्यामुळे असेल, या सगळ्या कागदी योजनेतला तो सोळावा चौकोन मला सर्वांत आवडतो. पुढे 20 मे 1862 ला, तारीखही तीच, लिंकनने होमस्टेड कायद्यावर सही केली आणि पाव सेक्शन, म्हणजे 160 एकर, कसणाऱ्याला मिळू लागला. लाखो कुटुंबं त्यामुळे उभी राहिली. पण ज्यांच्याकडून ती जमीन घेतली गेली होती, त्यांचा उल्लेख त्या चौकोनांवर कुठेच नव्हता. लिंकनबद्दल मला नितांत आदर आहे, आणि हे वाक्य मी त्या आदरासकट म्हणते.

शिकागोचे मैलामैलावरचे मोठे रस्ते याच जाळ्यातले. आणि या जाळ्यातच संगत कोनांचा सगळ्यात मोठा पेच आहे. नेब्रास्कात आय-80 महामार्ग सोडून आतल्या खडीच्या रस्त्याला लागा. रस्ता सरळ उत्तरेला, कोसन्‌कोस सरळ. आणि मग अचानक समोर शेत. डावीकडे किंवा उजवीकडे वळायचं, शे-दोनशे फूट, कधी पाचशे-सहाशे फूट जायचं, पुन्हा उत्तरेला वळायचं, आणि रस्ता पुन्हा सरळ. दरी नाही, नदी नाही, कुणाचा वाडाही आडवा आलेला नाही. तिथली माणसं त्या जागेला 'करेक्शन लाइन' म्हणतात.

नेब्रास्काची दक्षिण सीमा बहुतांशी 40 अंश अक्षांशावर आहे. ती पायाची रेषा. तिच्यावर 24 मैलांच्या अंतराने दोन रेषा उभ्या करा, दोन्ही काटकोनात. संगत कोन 90 आणि 90, एकरूप. युक्लिडच्या 28 व्या प्रमेयाने त्या समांतर असायला हव्यात. पण त्या रेखावृत्तं आहेत, उत्तर ध्रुवाकडे निघालेली. सहा मैल रुंद टाउनशिपच्या वरच्या कडेलाच रुंदी साधारण 40 फुटांनी कमी भरते, आणि 24 मैलांच्या अंतराने निघालेल्या रेषा 24 मैल उत्तरेला गेल्यावर सुमारे 640 फुटांनी जवळ आलेल्या असतात. मोजणीदारांना हे ठाऊक होतं. म्हणून ठरावीक अंतरावर ते जुनी मापं सोडून नवी आडवी रेषा घ्यायचे, तिच्यावर पुन्हा पूर्ण सहा-सहा मैल मोजायचे आणि नव्या उभ्या रेषा सुरू करायचे. जुन्या आणि नव्या रेषा जुळत नाहीत, म्हणून रस्ता तिरपागडा होतो. आजोबांच्या चार एकरांत हा फरक कधीच दिसला नसता. तो दिसायला प्रेअरीएवढी जमीन लागते.

इथे 28 वं प्रमेयसुद्धा टिकत नाही. कारण त्याच्या मुळाशी रेषा दोन्हीकडे अमर्याद वाढवता येते, असं धरलेलं आहे. गोलावरची रेषा वाढवत नेली तर फिरून स्वतःपाशीच येते.

तीन वर्षांपूर्वी अशाच एका करेक्शन लाइनवर नातवाने मला गाडी थांबवायला लावली. तो तेव्हा आठवीत होता, संगत कोनांचा धडा नुकताच झालेला. "आजी, हे कुणाचं चुकलं?" मी म्हटलं, कुणाचंच नाही, खाली दोन्ही कोन काटकोनच आहेत. "दोन्ही नव्वद असतील तर रेषा भेटणारच नाहीत." तो ऐकायला तयार नव्हता, आणि मला त्याचं ते न ऐकणं फार आवडलं. डब्याच्या पिशवीत संत्री होती. एक सोललं आणि पेनाने त्याच्या पोटावरून एक गोल रेघ ओढायला त्याला सांगितलं. शाई नीट उमटत नव्हती, पण उमटली. मग फोडींमधली प्रत्येक खाच त्या रेघेला कशी छेदते ते तो बघत राहिला. पॅटी पेपर नव्हता, म्हणून वहीच्या कागदाचा कोपरा फाडून त्याने एका खाचेपाशी लावला, मग दुसरीपाशी, मग तिसरीपाशी. सगळीकडे काटकोन. शेवटी त्याने संत्रं उलटं धरलं आणि देठाच्या जागी अंगठा ठेवला.